धोक्याचा कुत्रा कोणता, हे कोण ठरवणार?



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. कुत्र्याचा कसला आलाय इतिहास? पण गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की हसणं लगेच थांबतं. एखादी सांगते, पोराला शाळेच्या वाटेवर कुत्रं चावलं, इंजेक्शनांसाठी तालुक्याच्या खेपा झाल्या, मजुरी बुडाली, आणि ज्याच्या दारात ते कुत्रं रोज बसतं तो म्हणतो, "ते आमचं नाहीच." दुसरी सांगते, रानातल्या वस्तीवर राखणीला कुत्रा होता म्हणून रात्री डोळा लागायचा. कुणीतरी विष घातलं. सकाळी दारात मरून पडला, आणि कुणी विचारायलासुद्धा आलं नाही. दोघींचंही दुःख खरं आहे. दोघीही एकच विचारतात, कायदा कुणाच्या बाजूनं?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की दोनशे वर्षं मागं जावं लागतं, तेही थेट मुंबईत. धोक्याचा कुत्रा कोणता, हे सरकारनं आजवर तीन तऱ्हांनी ठरवलंय. आधी म्हटलं, ज्याला मालक नाही तो धोक्याचा. मग म्हटलं, अमुक जातीचा तो धोक्याचा. आणि तिसरं म्हणणं, जो तसा वागतो तो धोक्याचा. या तीन उत्तरांतून काय घडलं, कुणाचं नुकसान झालं आणि आपण त्यातून काय घ्यायचं, ते आज पाहू.

पाळलेलं, मोकाट आणि गावचं

आपल्याकडं कुत्र्याला कधी एकच नाव नव्हतं. राखणीचा कुत्रा, मेंढरांमागचा कुत्रा, शिकारी कुत्रा, मोकाट कुत्रं, पिसाळलेलं कुत्रं. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. नामदेवांची गोष्ट तर आपण लहानपणीच ऐकलेली: कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. पण हीच गोष्ट सांगणारी आजी "पिसाळलेल्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नको" असंही बजावायची. माया आणि भीती एकाच घरात नांदत होत्या.

आणखी एक प्रकार आहे, तो कागदावर कधी नीट बसला नाही. ते म्हणजे गावचं कुत्रं. चार दारी तुकडा खातं, एकीच्या ओट्यावर निजतं, अनोळखी माणूस आला की भुंकतं. त्याला पट्टा नाही, पावती नाही. त्याला मालक आहे का? विचाराल तर सगळे म्हणतील नाही. मारायला निघाल तर चौघी आडव्या येतील. कायद्याची पहिली ठेच लागली ती इथंच.

मुंबई, १८३२

तेव्हा मुंबईवर ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं. शहर वाढत होतं, वस्ती दाट होत होती आणि रस्त्यावर कुत्री पुष्कळ होती. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर माणूस वाचत नसे. लस नव्हती, कुठलाच इलाज नव्हता. म्हणजे सरकारची भीती खोटी नव्हती, हे आधी ध्यानात घेऊ.

१८१३ साली कंपनी सरकारनं नियम केला की वर्षातल्या ठरावीक दिवसांत रस्त्यावरची बेवारशी कुत्री मारायची. एक मुदत १५ एप्रिल ते १५ मे, दुसरी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. उन्हाच्या तडाख्यात कुत्री पिसाळतात असा तेव्हा समज होता. १८३२ साली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. आणि कुत्रं मारणाऱ्याला दर कुत्र्यामागं आठ आणे, म्हणजे अर्धा रुपया, बक्षीस ठरलं. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

पुढं काय झालं असेल, हे तुम्हीच ओळखाल. नगावर पैसा लावला की नग वाढवण्याकडंच माणसाचं लक्ष जातं. रस्त्यावरचं मोकाट कुत्रं चपळ असतं, हाताला लागत नाही. दारात बसलेलं, माणसाळलेलं कुत्रं मात्र हाक मारली तरी जवळ येतं. कुत्री मारणारे घरांच्या ओट्यांवर, अंगणांत, थेट दारांत शिरू लागले. पाळलेली कुत्रीही बेवारशी म्हणून ओढून नेली जाऊ लागली. मालक ओरडला तरी त्याच्याकडं दाखवायला काय होतं? नोंद नव्हती, पट्टा नव्हता, दाद मागायची जागा नव्हती. हे कुत्रं तुमचंच कशावरून, असं विचारलं की गप्प बसायचं.

पारशी समाजाला हे फार लागलं. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. या विधीला सगदीद म्हणतात. त्यासाठी डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणजे चार डोळ्यांचा म्हटला जाणारा कुत्रा शुभ मानतात. अशा कुत्र्याला घरातून ओढून मारणं म्हणजे त्यांच्या लेखी घरच्या देव्हाऱ्याला हात लावण्यासारखं होतं.

६ जून १८३२. पारशांचा तो सणाचा दिवस होता. कोट भागात कुत्री मारायला आलेल्या शिपायांवर पारशांचा जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, बाजार बंद झाला. आता एकटे पारशी राहिले नव्हते, जैन, हिंदू आणि मुसलमान व्यापारीही सामील झाले होते. दुकानं उघडली नाहीत. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडं जाणारा शिधा अडवला गेला. सरकारनं लष्कर बोलावलं, दंगलीचा कायदा वाचून दाखवला आणि धरपकड केली. मुंबईच्या इतिहासातली ही पहिली मोठी दंगल मानतात, आणि ती झाली कुत्र्यांवरून.

त्यानंतर जमशेटजी जीजीभाई आणि शहरातले इतर बडे व्यापारी मध्ये पडले. त्यांनी सरकारकडं अर्ज केला. सरकार थोडं नरमलं, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची असं ठरलं. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजींनी जैन व्यापाऱ्यांना सोबत घेऊन मुंबईचं पांजरपोळ उभं केलं. भुलेश्वरातलं पांजरपोळ आजही माहितीचं आहे. मोकाट कुत्र्यांना आणि निराधार जनावरांना ठेवायला जागा असावी, हा त्यामागचा एक हेतू होता.

मैत्रिणींनो, या गोष्टीत आपल्या कामाचे तीन प्रश्न दडलेत. व्याख्या नेमकी आहे का? ठरवणाऱ्याचा त्यात फायदा आहे का? आणि ज्याचं कुत्रं आहे त्याला बोलायची संधी आहे का? १८३२ च्या नियमात तिन्हींचं उत्तर वाईट होतं. बेवारशी म्हणजे काय हे नेमकं सांगितलेलं नव्हतं, पकडणाऱ्याला नगामागं पैसे होते, आणि मालकाचं ऐकणारं कुणी नव्हतं. म्हणून जो कायदा लोकांच्या जिवासाठी केला, त्यानंच शहर पेटलं.

आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. सरकारनं ऐकलं ते पैसेवाल्यांचं, ज्यांच्यावाचून बाजार चालत नव्हता त्यांचं. ज्या गरिबाच्या लेकराला रस्त्यावर कुत्रं चावत होतं, त्याच्यासाठी कुणी अर्ज घेऊन गेलं नाही. कुत्री शहराबाहेर सोडायची असं ठरलं, पण शहराबाहेरही वस्त्या होत्याच ना? धोका मिटला नाही, त्याची जागा बदलली.

पट्टा म्हणजे कुत्र्याचा सातबारा

पुढं १८६० साली भारतीय दंड संहिता आली. त्यातलं २८९ वं कलम आपल्या विषयाचं. त्यात कुत्र्याची जात नव्हती, रंग नव्हता. एवढंच म्हटलं होतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असेल, आणि ते टाळायची पुरेशी काळजी माणसानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं घेतली नाही, तर शिक्षा होईल. म्हणजे बोट कुत्र्याकडून माणसाकडं वळलं. मोकळं कुणी सोडलं, दावं कुणी बांधलं नाही, हे विचारलं जाऊ लागलं.

विज्ञानही पुढं सरकलं. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो जगला. आपल्या देशात १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. मग आली आपल्या आया-आज्यांच्या आठवणीतली पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस फार दुखायची, म्हणून कित्येकजण अर्ध्यावर सोडून द्यायचे. भारतात ती बनवणं २००४ च्या शेवटी बंद झालं. आता दंडात घ्यायची लस आहे, डोसही थोडे आहेत.

कुत्री मारायचा अधिकार मात्र कायद्यात टिकून राहिला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, जाहीर सूचना काढून ठरावीक मुदतीत मोकाट कुत्री नष्ट करायची तरतूद आली. १८१३ च्या नियमाचा हा पणतूच. पण एक फरक होता. ज्याच्या गळ्यात मालकाचं नाव-पत्ता असलेला पट्टा आहे, ते कुत्रं पिसाळलेलं नसेल तर मालकाला लेखी कळवून वाट पाहिल्याशिवाय मारायचं नाही. एकशेवीस वर्षांपूर्वी ज्यासाठी मुंबई बंद पडली होती, तो मालकाचा हक्क असा गळ्यातल्या पट्ट्यातून कायद्यात शिरला.

शेत आपलं आहे हे सातबारा सांगतो, तसं कुत्रं कुणाचं आहे हे पट्टा सांगतो. ज्याच्याकडं कागद त्याचा हक्क शाबूत. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव नसतं म्हणून काय काय भोगावं लागतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. वस्तीवरच्या बाईच्या कुत्र्याचंही तेच. रोज भाकरी ती घालते, पण तिच्या हक्काची नोंद कुठंच नाही.

जातीवरून ठरवलं तेव्हा

आता दुसरं उत्तर पाहू. त्यासाठी इंग्लंडला जावं लागेल, कारण आपले पुष्कळ कायदे तिथूनच आले.

इंग्लंडमध्ये १८७१ साली कुत्र्यांचा कायदा झाला. एखादं कुत्रं धोकादायक आहे आणि मालकाच्या काबूत नाही अशी तक्रार आली, की न्यायाधीशानं ती ऐकायची. खरी वाटली तर कुत्रं नीट काबूत ठेवा किंवा मारा, असा हुकूम द्यायचा. म्हणजे त्या एका कुत्र्याचं वागणं पाहायचं, मालकाचं ऐकायचं आणि मग ठरवायचं.

त्याच १८७१ साली त्याच इंग्रजांनी भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणूस काय वागला हे पाहिलंच जात नव्हतं. अमुक जमातीत जन्मला एवढ्यावरून त्याच्यावर गुन्हेगाराचा शिक्का बसे. तो कायदा पुढं आपल्या भागातही लागू झाला, आणि पारध्यांसारख्या जमातींना पिढ्यान्पिढ्या पोलिसांकडं हजेरी द्यावी लागली. १९५२ साली तो रद्द झाला, पण शिक्क्याचा त्रास त्या घरांतल्या आपल्या बहिणी आजही भोगतात. हे सांगतो ते माणसाची कुत्र्याशी बरोबरी करायला मुळीच नाही. सांगायचं ते राज्यकर्त्यांबद्दल. आपल्या देशात कुत्र्यालासुद्धा जी सुनावणी त्यांनी दिली, ती इथल्या माणसांना नाकारली. जन्मावरून दोष ठरवणं म्हणजे काय, हे आपल्या मातीला चांगलं ठाऊक आहे.

गंमत अशी की एकशेवीस वर्षांनी इंग्लंडही कुत्र्यांच्या बाबतीत त्याच वाटेनं गेलं. १९९१ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्ड गावात सहा वर्षांच्या एका मुलीवर पिट बुल जातीच्या कुत्र्यानं भयंकर हल्ला केला. देश हळहळला, वर्तमानपत्रं पेटून उठली, आणि दोन-तीन महिन्यांत नवा कायदा तयार झाला. त्यात चार जातींवर बंदी आली: पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. ठरावीक अटींवर नोंद झालेली जुनी कुत्री तेवढी जगली. त्यांनाही बाहेर नेताना मुसकं बांधणं सक्तीचं झालं.

डेम्प्सी नावाच्या एका पिट बुल कुत्रीची गोष्ट तिथं गाजली. १९९२ साली लंडनमध्ये तिला ओकारी होत होती, म्हणून रस्त्यावर तिचं मुसकं काढलं. पोलिसांनी पाहिलं. ती कुणाला चावली नव्हती, कुणावर धावून गेली नव्हती. तरी तिला मारायचा हुकूम झाला, कारण न्यायाधीशाच्या हातात दुसरा पर्यायच कायद्यानं ठेवला नव्हता. मालकीण तीन वर्षं लढली. १९९५ साली वरच्या कोर्टानं हुकूम रद्द केला, कारण पहिल्या सुनावणीची सूचनाच मालकिणीला दिली नव्हती. १९९७ साली कायदा बदलला. हे कुत्रं लोकांना धोक्याचं नाही अशी खात्री पटली, तर अटी घालून ते जगू द्यायची मोकळीक कोर्टाला मिळाली.

पण यादी लांबतच राहते. पिट बुलवर बंदी आली, तर काहींनी दुसरी दांडगी कुत्री पैदा केली. २०२३ च्या शेवटी इंग्लंडला एक्सएल बुली नावाचा पाचवा प्रकार यादीत घालावा लागला.

आपल्याकडंही हे वारं आलं. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र पाठवलं. पिट बुल, रॉटवायलर, मास्टिफ अशा २३ प्रकारची कुत्री आयात करू नयेत, विकू नयेत, त्यांची पैदास होऊ देऊ नये, आणि ज्यांच्याकडं आधीच आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी. मालक कोर्टात गेले. महिन्याभरातच कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. ज्यांचा या गोष्टीशी संबंध आहे त्यांना न विचारता हा निर्णय घेतला, हे त्याचं एक मोठं कारण होतं. डेम्प्सीच्या गोष्टीतही हेच होतं, आणि १८३२ च्या मुंबईतही हेच: ज्याचं कुत्रं, त्याला विचारलंच नाही.

आपल्या खेड्यात रॉटवायलर किती दिसतात? चावतं ते बहुतेक वेळा गल्लीतलं नाही तर शेजारचं कुत्रं. तेव्हा त्या यादीनं आपल्या पोरांचं रक्षण झालं असतं, असं समजायचं कारण नाही.

वागण्यावरून ठरवायचं तर

उरलं तिसरं उत्तर. आज आपल्या देशाचा कायदा मुख्यतः याच वाटेवर आहे.

२००१ साली प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम आले, २०२३ साली त्यांच्या जागी नवे आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोकाट कुत्री सरसकट मारायची नाहीत. ती पकडून त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून आणली तिथंच सोडायची. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मालकाची, मोकाट कुत्र्याची स्थानिक संस्थेची, म्हणजे खेड्यात ग्रामपंचायतीची. पिसाळल्याचा संशय असेल तर ते कुत्रं पकडून वेगळं ठेवायचं. २०२३ च्या नियमांत आणखी एक गोष्ट झाली. मालक नसलेल्या पण वस्तीत वाढणाऱ्या जनावरांना समुदायाचे प्राणी असं म्हटलं गेलं. मघाशी म्हटलं ते गावचं कुत्रं असं कागदावर आलं.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयात हा विषय गाजला. ११ ऑगस्टला दिल्लीतली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश झाला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानं तो बदलला: लस आणि नसबंदी करून कुत्री परत सोडा, मात्र पिसाळलेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक वागणारी सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांमधली कुत्री हलवून परत तिथं न सोडण्याचा आदेश आला. आदेश असे बदलत जातात, म्हणून गावात काही ठरवण्याआधी ग्रामसेवकांकडून ताजी स्थिती विचारून घ्यावी.

यातला 'आक्रमक' हा शब्द जपून ऐका. पिलांची आई कुणी जवळ आलं की गुरगुरते, ती आक्रमक का? रात्री अनोळखी माणसावर धावणारा राखणदार आक्रमक का? की वाटेवरच्या पोरांना विनाकारण दोनदा-तीनदा चावलेला? शब्द सैल राहिला की ज्याच्या हातात दांडा तो ठरवतो. म्हणून तेच तीन प्रश्न इथंही विचारायचे. नेमकं काय केलं त्या कुत्र्यानं? कुणी पाहिलं? आणि ज्या घरी ते भाकरी खातं, त्यांना विचारलं का?

आज आपले हक्क काय, जबाबदारी काय

जिच्या लेकराला कुत्रं चावलं, तिच्यासाठी आधी हे. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. मिरची, हळद, चुना, तेल काही लावू नका. मग थेट सरकारी दवाखाना गाठा. लसीचा पहिला डोस त्याच दिवशी घ्या आणि पुढचे सांगितलेल्या तारखांना न चुकता घ्या. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात ते खरं, पण त्यासाठी लस लांबवायची नाही. एकदा रोगाची लक्षणं दिसली की माणूस बहुधा वाचत नाही.

मालक माहीत असेल आणि त्यानं निष्काळजीपणा केला असेल, तर पोलिसांत तक्रार देता येते. जुन्या २८९ कलमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम आलंय. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरपाईसाठी दिवाणी दावाही करता येतो. मोकाट जनावरांमुळं झालेल्या इजेची जबाबदारी सरकारवर टाकत २०२३ साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं कुत्रं चावल्यास दाताच्या दर खुणेमागं किमान दहा हजार रुपये भरपाई ठरवली. तो निर्णय त्या राज्यांपुरता आहे, पण हक्क कुठवर जाऊ शकतो हे त्यातून दिसतं. म्हणून दवाखान्याचा कागद, इंजेक्शनांच्या तारखा, एसटीची तिकिटं जपून ठेवा.

जिच्या दारात कुत्रा आहे, तिच्यासाठी हे. कुत्रं पाळण्याचा हक्क आहे, आणि कुत्रं नुसतं भुंकतं एवढ्यावरून कुणी ते मारू शकत नाही. विष घालून किंवा दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं कुणाचं जनावर मारणं, जायबंदी करणं हा गुन्हा आहे. न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मोकाट कुत्र्यांनाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण आहे. पण हक्काबरोबर कर्तव्य येतं. दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या आणि तिचा दाखला जपा. गळ्यात पट्टा घाला. शाळेच्या वेळेला कुत्रं बांधून ठेवा. पिलं नको असतील तर नसबंदी करा, रात्री शेजारच्या गावच्या वेशीवर नेऊन सोडू नका. १८३२ नंतर मुंबईनं तेच केलं होतं.

आणि गावचं कुत्रं? ते सगळ्यांचं, म्हणून ते सभेत मांडायचं. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथं हे चार मुद्दे लिहून द्या. एक, गावातल्या सगळ्या कुत्र्यांची नोंदवही: कुणाचं, कोणत्या दारी जेवतं, लस कधी टोचली. दोन, पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत गावात लसीकरण शिबिर. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, त्या दिवशी मागणी केली तर सोपं जातं. तीन, चावल्याची तक्रार आली तर ती कुणी ऐकायची, किती दिवसांत, आणि दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या, हे ठरावात लिहा. चार, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस शिल्लक आहे का, हे दर महिन्याला एका बाईनं जाऊन विचारायचं.

नोंदवही ऐकायला फार साधी वाटते. पण मुंबईतल्या त्या घरांच्या ओट्यांवर तेवढीच नव्हती, म्हणून पाळलेली कुत्री आठ आण्यांना गेली. आज आपल्या गावात ती नाही, म्हणून चावलेल्या पोराच्या आईला मालक सापडत नाही आणि विष घातलेल्या कुत्र्याच्या मालकिणीला दाद मिळत नाही. एका वहीनं दोघींचंही काम होईल. वहीला पंधरा-वीस रुपये लागतात. लिहिणारी एक मुलगी प्रत्येक गटात असतेच.

पुढच्या महिला सभेची तारीख विचारून ठेवा, मैत्रिणींनो.